बोट आधी तारेवर, सूर नंतर

नमस्कार ताई,
माझं वय ४३. पाच महिन्यांपूर्वी ३४ तारांची लिव्हर हार्प घेतली. आठवड्यातून एकदा शिकायला जाते आणि घरी रोज दीड तास बसते. एकही दिवस चुकवत नाही, तरी गाडी पुढे सरकत नाही. सध्या सोळा बारची (मात्रांच्या सोळा गटांची) एक धून चालू आहे. नवव्या बारला सूर वर उडी घेतो आणि तिथेच एफ या स्वराचा लिव्हरही (तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढवणारी छोटी कळ) फिरवायचा असतो. दर वेळी तिथे अडखळते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि पुन्हा तिथेच अडते. तारांकडे टक लावून पाहिलं नाही तर बोट हमखास शेजारच्या तारेवर पडतं. मधूनच खरखर येते, तो दोष वाद्याचा की माझा ते कळत नाही. लहानपणी कीबोर्ड शिकले होते, पण त्याची मदत होण्याऐवजी अडचणच होते असं वाटतं. बोटांना फोड आलेत. त्यात एका व्हिडिओत कोपरं उचलून वाजवा म्हणतात, तर दुसऱ्यात मनगट टेकवा म्हणतात. कोणाचं ऐकू? आणि खरं सांगा, मी फार उशिरा सुरुवात केली का? थेट मोठी पेडल हार्पच घ्यायला हवी होती का?
– चौतीस तारांत हरवलेली

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: ‘मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.’ बाकीच्या अडचणींबद्दल बोलूच, पण गाडी अडली आहे ती इथे. जरा हिशेब करून पाहा. समजा दीड तासात तुम्ही ही धून तीस वेळा सुरू केलीत. म्हणजे पहिले आठ बार तीस वेळा वाजले, नववा बार तीस वेळा चुकला आणि दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या बारना जवळजवळ हातच लागला नाही. हातांना चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही. जे पुन्हा पुन्हा केलं ते त्यांच्यात मुरतं. आठवा बार संपला की थांबायचं, हे तुमच्या हातांनी अगदी मन लावून पाठ केलं आहे.

ही सवय मोडता येते. त्यासाठी हार्प हे वाद्य वाजतं कसं, ते आधी नीट पाहावं लागेल.

पियानोची पट्टी दाबली की त्याच क्षणी सूर येतो. हार्पवर एका सुरामागे तीन कामं असतात. बोट तारेवर नेऊन ठेवायचं, तार दाबून सोडायची आणि सुटलेलं बोट तळहातात मिटायचं. ऐकणाऱ्याला यातलं फक्त मधलं काम ऐकू येतं. म्हणून शिकणारेही मधल्याच कामाचा रियाज करत राहतात. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं तेच केलं, आणि आज विद्यार्थ्यांसमोर बसते तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या बोटांचं ठेवणंच पाहते. वाजवताना जे चुकतं त्यातलं बहुतेक ठेवतानाच चुकलेलं असतं. तुमचा नववा बारही तसाच आहे. तो चुकतो आठव्या बारच्या शेवटी, जेव्हा हात पुढच्या तारांकडे निघायला उशीर करतो.

चार चढते सूर घ्या. अनामिका, मधलं बोट, तर्जनी, अंगठा, म्हणजे लिहिताना ४-३-२-१. पहिला सूर वाजण्याआधी ही चारही बोटं आपापल्या तारांवर बसलेली हवीत. मग एकेक सोडायचं. पहिलं वाजतं तेव्हा उरलेली तीन तारेवर असतात, आणि त्यांच्यामुळे हाताला आधार मिळतो. सूर आणखी वर जाणार असतील तर अंगठा अजून तारेवर असतानाच बाकीची बोटं त्याच्याखालून पुढे जातात आणि अनामिका पुढच्या तारेवर बसते. त्यानंतरच अंगठा वाजतो. उतरताना उलट: अनामिका तारेवर टेकलेली असताना अंगठा वरून ओलांडून खालच्या तारेवर येतो. एक तरी बोट तारेवर असेल तर हात हरवत नाही. हात हवेत उडाला की त्याला चौतीस तारांतून हवी ती तार नव्याने शोधावी लागते, आणि तुम्ही लिहिलेली शेजारची तार तेव्हाच बोटाखाली येते.

अर्थात दर वेळी सगळी बोटं आधीच ठेवायची नसतात. जी तार अजून घुमत राहायला हवी तिच्यावर बोट टेकलं तर सूर मरतो. कुठली बोटं एकत्र ठेवायची हे दाखवण्यासाठी हार्पच्या स्वरलिपीत सुरांवर कंस काढतात. तुमच्या प्रतीत ते नसतील तर पुढच्या शिकवणीला शिक्षकांसोबत बसून पेन्सिलीने काढून घ्या. बोटांचे आकडे आणि हे कंस नक्की झाल्याशिवाय धुनेला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. आज एका बोटाने आणि उद्या दुसऱ्या बोटाने वाजवलं तर हातात काहीच बसत नाही.

आता तुमचा नववा बार. उद्या बसलात की धून सुरूच करू नका. आठव्या बारचा शेवटचा सूर वाजवा, बोट मिटा आणि नवव्या बारची पहिली बोटं तारांवर नेऊन ठेवा. वाजवू नका. नीट पाहा: तारा बरोबर आहेत का? अंगठा वरच्या अंगाला आणि बाकीची बोटं खाली झुकलेली आहेत का? खांदा नकळत वर चढला आहे का? सगळं ठीक असेल तर हात मांडीवर घ्या, एक श्वास घ्या आणि पुन्हा तेच. असं दहा वेळा. एकच सूर ऐकू येत राहील आणि तुम्हाला वाटेल की वेळ वाया चालला आहे. तरीही करा. दहापैकी नऊ वेळा बोटं न चाचपडता बसली की मग नवव्या बारचा पहिला सूर वाजवायची परवानगी स्वतःला द्या, आणि तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी आठव्या बारच्या शेवटच्या दोन मात्रा आणि नवव्याच्या पहिल्या दोन. तुमच्या धुनेचा गुंता एवढ्या चार मात्रांतच आहे.

लिव्हरचं काम वेगळं काढा. तुम्ही त्याला मधेच आलेलं विघ्न समजता असं पत्रावरून वाटलं. त्याला डाव्या हाताचा एक मुका सूर समजा. त्याची मात्रा ठरवा आणि ती स्वरांखाली लिहून ठेवा. लिव्हर हार्पवर प्रत्येक तारेचा लिव्हर स्वतंत्र असतो, त्यामुळे कोणत्या सप्तकातला एफ हेही लिहा. मधला एफ शार्प (अर्धा स्वर वर) केला म्हणून खालचा होत नाही, आणि घाईत हे हमखास विसरतं. मग हार्प न वाजवता फक्त डावा हात चालवा: तारेवरून लिव्हरकडे, लिव्हर पूर्ण वर, आणि परत पुढच्या तारेवर. अर्धवट चढलेला लिव्हर सूरही चुकवतो आणि खरखरही करतो. शिवाय तो एफ आठव्या बारमध्ये लागतच नसेल तर लिव्हर एक-दोन मात्रा आधीच फिरवता येईल का, तेही तपासा. तार घुमत असताना लिव्हर हलवला तर सूर घसरल्यासारखा ऐकू येतो, म्हणून शांत क्षण निवडा. आणि डाव्या हाताला वेळ पुरतच नसेल तर साथीचा एखादा सूर गाळायला हरकत नाही. लिव्हर हार्पवर वाजवणारे हे सर्रास करतात. मुख्य चाल अखंड राहणं महत्त्वाचं.

एवढं जमलं की धून शेवटाकडून बांधत या. आधी पंधरावा आणि सोळावा बार. ते बसले की तेरावा आणि चौदावा त्यांच्या आधी जोडा. असं मागे मागे येत राहिलात की वाजवताना तुम्ही नेहमी अनोळखी जागेकडून ओळखीच्या जागेकडे जाल. पहिल्यापासून सुरू करणाऱ्याचं नेमकं उलट होतं, आणि धसका त्यातूनच येतो.

संथ वाजवा हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. त्यात एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. लय संथ ठेवायची म्हणजे बोटांची हालचालही संथ करायची असं नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ५० वर लावा, पण तार सोडली की बोट चटकन तळहाताकडे मिटलं पाहिजे, आणि पुढच्या तारेवर जाताना नेमकं, एका दमात बसलं पाहिजे. संथ लयीमुळे मिळालेला वेळ या दोन हालचालींच्या मधे विश्रांतीसाठी वापरायचा. त्या विश्रांतीत हात सैल आहे का ते पाहायचं. बोट रेंगाळत मिटलं तर सूर पातळ येतो, आणि पुढे लय वाढवली की तेच बोट आडवं येतं. सलग तीनदा स्वच्छ वाजलं तरच मेट्रोनोम तीन-चार आकड्यांनी वर न्या. चुकलं तर पुन्हा खाली आणा. त्यात कमीपणा काही नाही.

तारांकडे टक लावून पाहण्याबद्दल. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या सात स्वरांच्या तारांत प्रत्येक सी लाल असतो आणि प्रत्येक एफ काळा किंवा निळा. या दोन खुणा पक्क्या असल्या की बाकी तारा त्यांच्या शेजारीच आहेत. लाल तारेच्या खाली बी, वर डी. काळ्याच्या खाली ई, वर जी. एकटा ए राहतो. तो काळ्याच्या वर दुसरा आणि लालच्या खाली दुसरा. रोज दोन मिनिटं मनात एखादा सूर घ्या आणि प्रत्येक सप्तकात तो शोधून फक्त बोट ठेवा, वाजवू नका. मग अंतरं शिका. अंगठा आणि अनामिका यांच्यात एक सप्तक मावतं. डोळे मिटून तो पंजा उघडा, तारांवर ठेवा, मग डोळे उघडून पाहा. पहिल्या आठवड्यात बरेचदा एक तार चुकेल. सरावाने पंज्याला ते माप कळायला लागतं. पियानोच्या पट्ट्यांपेक्षा हार्पच्या तारा एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे लहान हातालाही हे जमतं.

टरलॉ ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) या आयरिश वादक-संगीतकाराची दृष्टी अठराव्या वर्षी देवीच्या आजारात गेली आणि त्यानंतर तो हार्प शिकला. त्याला एकही तार दिसत नव्हती. त्याने रचलेल्या चाली आज जगभरच्या लिव्हर हार्प शिकणाऱ्यांच्या हातात असतात, तुमच्याही पुढे कधीतरी येतील. डोळ्यांशिवाय हात तारा शोधू शकतात याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

तारा नीट दिसाव्यात म्हणून हार्प स्वतःकडे जास्त कलती करू नका. हार्प मागे झुकवत आणली की एक जागा अशी येते जिथे तिचं वजन जवळजवळ जाणवत नाही. तोल सांभाळणारी ती जागा शोधा आणि तिथेच ती उजव्या खांद्याला अलगद टेकू द्या. मान वाकडी करून पुढे झुकल्याशिवाय तारा दिसत नसतील तर आधी बसण्याची उंची बदला. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत.

कीबोर्डचं म्हणणं तुमचं खरं आहे, पण अर्धंच. कीबोर्डवर उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुराकडे असतो. हार्पवर दोन्ही हातांचे अंगठे वरच्या सुराकडे असतात. म्हणजे डाव्या हाताची तुमची जुनी सवय बरीचशी कामाला येते आणि उजव्याची थेट उलट पडते. १-२-३-४ म्हटलं की कीबोर्डवरचा उजवा हात वर चढतो, हार्पवरचा खाली उतरतो. माझा अंदाज आहे की नवव्या बारमधली ती वरची उडी उजव्याच हातात असणार, आणि तिथे जुनी सवय तुम्हाला उलट दिशेला ओढते. महिनाभर उजव्या हाताला एकट्याने जास्त वेळ द्या, बोटांचे आकडे मोठ्याने म्हणत. करंगळीचंही तसंच. हार्पवर ती वाजवत नाही. पाच बोटांची सवय असलेल्यांची करंगळी ताठ होऊन बाहेर राहते आणि सगळा हात आखडवते. तिला अनामिकेसोबत सैल मिटू द्या. कीबोर्डमुळे तुम्हाला स्वर वाचता येतात आणि दोन हात वेगवेगळे चालवता येतात. नव्या विद्यार्थ्याचे महिने त्यातच जातात, हेही विसरू नका.

खरखर कुठून येते ते पाच मिनिटांत कळेल. ज्या तारेवर ती येते ती एकटीच वाजवा, दुसरं काही न शिवता. तरीही खरखरली तर लिव्हर पूर्ण खाली घेऊन पाहा. गेली, तर लिव्हरची बसण पाहायला हवी, आणि ते काम जाणकाराकडून करून घ्यावं. एकटी तार स्वच्छ वाजली तर खरखर तुमच्या बोटाची आहे, आणि ती उपाय असलेली गोष्ट आहे. घुमणाऱ्या तारेला बोट भीतभीत लागलं की तार त्याच्यावर थरथरत आपटते आणि आवाज येतो. बोट एकदाच, ठामपणे, पेराच्या मांसल भागाने ठेवा. नखंही पाहा. तळवा स्वतःकडे करून धरलात तर बोटांच्या टोकांवरून नखं डोकावता कामा नयेत. नखांनी वाजवायची जुनी रीत धातूच्या तारांच्या आयरिश हार्पची. १७९२ साली बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला तेव्हा जमलेल्यांत नव्वदी ओलांडलेले डेनिस हेम्पसन एकटेच त्या रीतीने वाजवणारे उरले होते. तुमच्या तारा नायलॉनच्या किंवा तत्सम असतील. त्यांना बोटाचं मांसच हवं.

ट्यूनिंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मुद्दाम विचारते: रोज लावता ना? हवेतला ओलावा आणि तापमान बदललं की तारा उतरतात-चढतात. बेसूर हार्पवर रियाज केला तर कान बिघडतो आणि बोट बरोबर पडूनही चूक झाल्यासारखं वाटतं. लिव्हर हार्प सहसा ई फ्लॅट मेजर या स्केलमध्ये लावतात. म्हणजे सगळे लिव्हर खाली असताना ई, ए आणि बी हे फ्लॅट (अर्धा स्वर खाली). तिथून लिव्हर वर करत गेलं की ई फ्लॅटपासून ई मेजरपर्यंत आठ मेजर स्केल मिळतात. ट्यूनरने मधलं एकच सप्तक लावा, बाकीची त्याच्याशी कानाने जुळवा आणि शेवटी ट्यूनरवर पडताळा. पहिले काही दिवस वेळ लागेल, पण कानाला याहून चांगला व्यायाम नाही. चावी फिरवण्याआधी तार खालून वर बोटाने धरत नेऊन तिचाच पिन पकडला आहे ना, ते पाहा. कितीतरी नव्या विद्यार्थ्यांच्या तारा शेजारचा पिन फिरवल्यामुळे तुटतात. नवी बसवलेली तार काही दिवस ताणत राहते, तिला दिवसातून अनेकदा लावावं लागतं.

फोडांवर वाजवू नका. हे मी कळकळीने सांगते. त्वचा घट्ट व्हायला वेळ हवा आणि तो सलग दीड तासाच्या बैठकीत मिळत नाही. वीस मिनिटांच्या तीन बैठका करा, मधे निदान तास-दोन तासांचं अंतर ठेवा. अंघोळीनंतर किंवा पाण्यातलं काम झाल्यावर त्वचा नरम असते, तेव्हा लगेच बसू नका. बोटांच्या टोकांची हुळहुळ ही वाद्याची ओळख होतानाची गोष्ट आहे. मनगट, हात किंवा खांदा दुखणं, मुंग्या येणं ही ती गोष्ट नव्हे. मी शिकत असताना हाताचं दुखणं आठवडे अंगावर काढलं, आणि नंतर कित्येक आठवडे हार्पला हात लावता आला नाही. तसं काही जाणवलं तर त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, आणि आपल्या बसण्याबद्दल शिक्षकांशी बोला.

कोपर की मनगट? दोन्ही रीती खऱ्या आहेत. हार्पवादक कार्लोस साल्झेडो (१८८५–१९६१) यांच्या रीतीत कोपरं उचललेली, हात जमिनीला जवळजवळ समांतर आणि मनगट साउंडबोर्डपासून (तारा खाली जिथे बसवलेल्या असतात त्या लाकडी फळीपासून) मोकळं असतं. हेन्रिएट रेनिए (१८७५–१९५६) आणि त्यांचे शिष्य मार्सेल ग्रांजानी (१८९१–१९७५) यांच्या फ्रेंच रीतीत उजव्या हाताला साउंडबोर्डच्या कडेचा हलका टेकू असतो. गंमत म्हणजे तिघेही पॅरिसमध्ये अल्फॉन्स हासेलमान्स यांच्याकडे शिकलेले. एकाच गुरूच्या हाताखालून दोन वाटा निघाल्या आणि दोन्हींवरून थोर वादक झाले. तुमच्या शिक्षकांची जी रीत असेल ती निदान दोन वर्षं धरा आणि तोवर दुसऱ्या रीतीचे व्हिडिओ पाहू नका. एका दिवशी कोपर वर आणि दुसऱ्या दिवशी मनगट खाली केलंत तर हाताला कुठलीच जागा आपली वाटणार नाही.

पेडल हार्पची घाई करू नका. तिला ४७ तारा आणि सात पेडल असतात, आणि प्रत्येक पेडलच्या तीन जागा, फ्लॅट, नॅचरल आणि शार्प. वाद्यनिर्माते सेबास्तियाँ एरार यांनी १८१० मध्ये पेटंट घेतलेली ही दुहेरी योजना अजोड आहे, पण ती पायांना आणखी एक भाषा शिकवते. तुमचे हात अजून पहिली भाषा शिकत आहेत. लिव्हर हार्पवर बसलेला हात पुढे पेडल हार्पवर तसाच उपयोगी पडतो. तारांचा ताण जास्त असतो, एवढी सवय करावी लागते.

वयाचं काय? त्रेचाळिसाव्या वर्षी बोटं शिकतात. मोठ्या वयात अडचण येते ती उतावीळपणाची. कान वर्षानुवर्षं चांगलं संगीत ऐकून तयार झालेला असतो आणि हात पाच महिन्यांचे असतात. त्या दोघांतलं अंतर फार टोचतं. तुमच्या पत्रात मला तेच टोचणं दिसलं. त्याच कानाचा उपयोग करा. आठवड्यातून एकदा वाजवलेलं रेकॉर्ड करा, ऐका, आणि एकच गोष्ट निवडून वहीत लिहा. अंगठ्याचा सूर बाकी बोटांपेक्षा मोठा येतो का? सुरुवातीला बहुतेकांचा येतो. तसं असेल तर ४-३-२-१ ची साधी ओळ घ्या आणि पाळीपाळीने एकेका बोटावर जोर द्या, अनामिकेला सगळ्यात जास्त. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आधी चारही बोटं एकदम सोडून वाजवायला शिका, खालून वर उलगडणारी नंतर. उलगडलेल्या कॉर्डमध्ये दुबळं बोट लपून राहतं.

रोजच्या तीन बैठकींचं मी असं ठेवीन. सकाळी हार्प लावायची, चार बोटांचे व्यायाम आणि डोळे मिटून सप्तकं. दुसरी बैठक सगळी अवघड चार मात्रांना द्यायची, कारण तिला ताजं डोकं लागतं. तिसऱ्या बैठकीत एखादी जुनी, हातात बसलेली धून मनापासून वाजवायची आणि शेवटी चालू धून एकदाच, पहिल्यापासून सोळाव्या बारपर्यंत, काहीही झालं तरी न थांबता. सूर चुकला, लिव्हर राहिला, तरी लय सोडायची नाही. न थांबता पुढे जाणं हेही एक कौशल्य आहे आणि त्याचा रियाज तुम्ही आजवर कधीच केलेला नाही. मात्र दिवसातून एकदाच. घरात सगळे झोपले असतील तर धून मुक्याने चालवा: बोटं ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. कित्येकदा सूर वाजवून जे कळत नाही ते अशा वेळी कळतं.

आज रात्री हार्प उघडू नका. फोडांना एक दिवस द्या. फक्त पेन्सिल घेऊन बसा. आठव्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांवर एक चौकट काढा, नवव्याच्या पहिल्या दोन मात्रा त्याच चौकटीत घ्या, आत बोटांचे आकडे लिहा आणि लिव्हरची मात्रा गोल करा. हार्पसमोर पुन्हा बसाल तेव्हा पान तिथूनच सुरू होतं असं समजा. महिनाभराने कळवा, आणि खरखर कुठल्या तारेवर येते तेही लिहा.